धीरजभाऊचं पावसाचं जंगल

आमचा धीरजभाऊ, म्हणजे माझा धाकटा दीर, बोलण्यात लय कंजूस. सकाळी मळ्यात गेला की दिवसभरात चार शब्द बोलते, त्यातले तीन बैलाशी. शेलूबाजारच्या अंगाले आमचा भाजीपाल्याचा मळा हाये. भेंडी, गवार, वांगे, मांडवावर दोडके. असा हा माणूस गेल्या चैतात जेवता जेवता म्हणते, "वैनी, आपण पावसाचं जंगल पाह्यले जाऊ. मी, साधना, निकिता, अन् तुमी."

मी म्हटलं, "बाप्पा! भेंडी दोन दिवस तोडली नाही तर झाडावरच लाकूड होते, अन् तुमी चालले जंगल पाह्यले? रानडुकरं येतात ना घरीच, रोज रात्री. फुकट पाहा."

तो हासला नाही. पोरीले म्हणे, "निकिता, दाखव मोठ्या आईले." निकितानं मोबाईल समोर धरला. धनेश नावाचा मोठ्या चोचीचा पक्षी. त्याची मादी अंडी घालायले झाडाच्या ढोलीत शिरते अन् ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. चोच बाहेर येईन एवढीच फट ठेवते. तीन महिने बाहेर निघत नाही. नर फळं आणते अन् त्या फटीतून तिले भरवते. मी पाहलं, अन् माझं तोंडच बंद झालं. काहून, ते सांगते.

दोन वर्साआधी माझी जाऊ साधना दोडक्याचा मांडव बांधता बांधता लाकडी घोडीवरून पडली. दोन्ही मनगटं मोडली, पाठीले मार लागला. अकोल्याले नेलं. तीन महिने खाटेवर, दोन्ही हात प्लास्टरात. धीरजभाऊ तिले भरवे. सकाळी भाकर दुधात कुस्करून, दुपारी मळ्यातून पळत येऊन वरण-भात. केस विंचरून देल्ले, सारं केलं. सासूबाई म्हणत, "मी भरवतो ना रे," तर म्हणे, "राहू दे माय, तिले माझ्या हातानं जाते."

अन् मी काय केलं? बाजाराच्या दिवशी भाजी मांडून बसली होती, चार बायका पुसून राह्यल्या होत्या साधना कशी हाये म्हणून. मी म्हटलं, "मजेत हाये. आमचा धीरजभाऊ आता बायकोची माय झाला!" हासल्या साऱ्या. माझी जीभ म्हणजे विळा, कुठं चालन नेम नाही. ते नाव गावभर झालं. चहाच्या टपरीवर माणसं विचारत, "काय मायबाई, लेकरू जेवलं काय?" धीरजभाऊनं टपरीवर जाणंच सोडून देल्लं. नाव कोणं ठेवलं, ते घरात कोणाले माहीत नव्हतं. निदान मी तसं समजत होती.

साधना बरी झाली, पण मनातून खचली. "माझ्यापाई यायले लोकं हासतात बाई," म्हणे. त्याच्या ताटाशी बसणं सोडलं, त्यानं पाण्याचा गिलास देल्ला तरी घेत नसे. लोकायले दिसन, म्हणे. म्हणून त्याले तो पक्षी तिले दाखवायचा होता. मोबाईलवर नाही, खरा. मोबाईलमधलं काय, म्हणे, खोटंही असते.

निकितानं कोकणात त्या जंगलापाशी असलेल्या हॉटेलचं भाडं पाहलं. बापाले म्हणते, "बाबा, एवढ्यात आपली नवी मोटार येते, पाईपासकट!" धीरजभाऊ म्हणे, "आपल्याले हॉटेलात कुठं जायचं हाये?" मिरचीवाल्या शेतकऱ्यायचा एक ग्रुप हाये फोनवर. त्यात दोडामार्गाकडचा महादेव गावस नावाचा माणूस. त्याच्या मिरचीवर चुरडा रोग आला तवा धीरजभाऊनं रोज फोटो मागवून मागवून त्याले इलाज सांगतले होते, अन् मिरची वाचली. तो कधीचा म्हणे, "येवा, घर आपलाच आसा." राहण्याचं झालं. गावातल्या उदयसिंगची जुनी जीप त्यानं नवी घेतल्यापासून उभीच होती, डिझेल आपलं म्हटल्यावर त्यानं चाबी देल्ली. अन् मळा? शेजारच्या भागवतरावासंगं सावड केली. सहा दिवस त्यायनं आमची भेंडी-गवार तोडायची, मंग सहा दिवस आमी त्यायच्या हळदीत राबायचं. माझे मालक अन् सासूबाई गुरायपाशी राह्यले.

मी म्हटलं, "मले कायले नेता? मी राह्यतो घरी." तर म्हणे, "नाही वैनी. तुमी याच." मले वाटलं, पोळ्या लाटायले नेत असन.

पीठ, तिखट, शेंगदाण्याची चटणी, स्टोव्ह, सारं जीपमध्ये टाकलं. रस्त्यात एका देवळाच्या धर्मशाळेत झोपलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घाट उतरलो, तर बाई, उन्हाळ्यात एवढं हिरवं! झाडाले झाड लागून, वर पाह्यलं तर आभाळ नाही. साधना म्हणे, "इथले लोकं कपडे वाळू कुठं घालतात?"

आमच्यापाशी तिथं दोनच दिवस होते, काहून की सहातले चार जाण्यायेण्यातच चालले होते. अन् पहिला दिवस धीरजभाऊनं वाया घालवला. गावस म्हणे, "चला, मी दाखवतो." याले कोठला धीर! "मले समजते हो. उन्हाळ्यात जनावर पाण्यावर येते." आमच्याकडं तसंच हाये. सोहोळच्या अभयारण्यात हरणं पाह्यची तर पाणवठ्यापाशी दडून बसा, हे लहान पोरालेही माहीत. त्यानं एक झऱ्याचा डोह धरला अन् आमाले सकाळपासून दिवस बुडेपर्यंत बसवलं. बोलायचं नाही, खोकायचं नाही. दिसलं काय? दोन बेंडकं. अन् निकिताच्या पायाले जळू.

संध्याकाळी त्याचं तोंड पाह्यवत नव्हतं. जेवला नाही. साधना कितीक दिवसानं त्याच्यापाशी जाऊन बसली अन् म्हणे, "आवो, आपल्या पेरूवर पोपट येतात, ते काय पाणी प्यायले येतात?" तो पाह्यतच राह्यला. "इथं चारही अंगानं पाणीच पाणी. तुमच्याच डोहावर कोण कायले येईन? ज्याच्या घरी खाटलं हाये, तो फळाच्या मांगं असन." खाटलं म्हणजे आमच्याकडं बाळंतीण. मी मनात म्हटलं, घ्या, अर्ध्या वर्साची बोलली आज.

दुसऱ्या दिवशी पहाटे धीरजभाऊनं गावसापुढं कान धरले. गावस हासला अन् आमाले पिकलेल्या उंबरावरून पुढं एका उंच झाडापाशी घेऊन गेला. बुडाशी बियायचा सडा पडला होता. तो म्हणे, "ह्या बिया वरून पडतत. आत मादी आसा." आमी दूर झुडपाआड बसलो.

तास झाला असन. मंग पंखायचा असा आवाज आला की मी निकिताचा हात धरला. तो आला. ढोलीपाशी चिकटून बसला, मान हलवली, अन् घशातून एक फळ काढून चोचीच्या टोकावर आणलं. फटीतून आतली चोच निघाली. त्यानं फळ देल्लं. मंग दुसरं. मंग तिसरं. एकही त्यानं स्वतः गिळलं नाही. मी मोजता मोजता वीसच्या पुढं गेली अन् डोळ्यात पाणी आलं म्हणून मोजणं सोडलं. निकितानं मोबाईल काढला होता, पण तो तसाच मांडीवर पडला.

तो उडून गेल्यावर गावस म्हणे, "ह्याका काय झाला, तर ती आत उपाशी मरता. दुसरा कोण येत नाय."

साधना धीरजभाऊकडं पाहून राह्यली होती, अन् तिनं त्याचा हात धरला होता, साऱ्यायच्या देखत. मंग ती माझ्याकडं वळून हळूच म्हणे, "बाई, या पक्ष्यालेही त्याच्यातले टपरीवर हासत असतील काय?"

मले तिथं धरती फाटती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "साधना, ते नाव मी ठेवलं होतं. बाजारात, चार बायकायपुढं. मीच ठेवलं."

धीरजभाऊनं माझ्याकडं पाहलंही नाही. ढोलीकडं पाह्यत म्हणे, "मले माहीत हाये वैनी. त्याच दिवशी समजलं होतं. म्हणूनच तुमाले आणलं."

त्याच्या आवाजात राग असता तर मी भांडली असती, भांडण मले येते. राग नव्हता. मी पदर तोंडात कोंबला, तरी रडू थांबेना. साधनानं माझ्या पाठीवर हात ठेवला.

तवा धीरजभाऊ म्हणे, "हळू रडा वैनी. आवाज झाला तर तो यायचा नाही, अन् ती आत उपाशी राहीन."