अविनाशभाऊंची घरशाळा

अविनाशभाऊंना कोणी काही विचारलं की ते उत्तर देत नसत. "तुले काय वाटते?" असं उलट विचारत. दूधवाल्याने "उद्या किती पिशव्या?" म्हटलं तरी हेच. बडकस चौकातून आमच्या गल्लीत शिरलेला एखादा पाहुणा पत्ता विचारायचा, तर त्यालाही आधी "तुम्हाले काय वाटते, कोणतं घर असेल?" मी समोरच राहते. गॅलरीतून हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं. एकदा मे महिन्यातल्या दुपारी मी वरूनच ओरडले, "अहो भाऊ, तो बिचारा उन्हात उभा आहे, सांगून टाका ना!" तर हसून म्हणाले, "मास्तरीणबाई, सांगितलेलं डोक्यात राहत नाही. शोधलेलं राहते."

मास्तरीणबाई म्हणजे मी. महापालिकेच्या शाळेत गणित शिकवते. भाऊंच्या लेखी माझा धंदा म्हणजे पोरांची डोकी बंद करण्याचा, आणि हे ते माझ्याच घरचा चहा पीत मला ऐकवत.

त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. शोकसभेत एकामागून एक माणसं उठून बोलली की असा बाप आणि असा शिक्षक नागपुरात दुसरा झाला नाही. मी तोंड मिटून बसले होते. पुढच्या रांगेत त्यांची मुलगी सई बसली होती, तिच्यासमोर तमाशा नको म्हणून. इथे तसं बंधन नाही.

मुळात भाऊ चूक नव्हते, हे आधी सांगते. सई बालवाडीत होती तेव्हा तिने बाईंना विचारलं होतं की चंद्र आपल्यासोबत का चालतो. बाईंनी तिला आगाऊ म्हणून दाराबाहेर उभं केलं. भाऊ न्यायला गेले तर लेक उन्हात रडत उभी. त्याच दिवशी त्यांनी तिचं नाव शाळेतून काढलं आणि वर्षभरात स्वतःची कॉलेजातली नोकरीही सोडली. घर रेखाच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या पगारावर चालू लागलं. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काउंटरवर बसते. आणि भाऊ पोरीला शिकवायला बसले.

शिकवत मात्र झकास! सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, कापताना अपूर्णांक, कूलरला वाळ्याच्या ताट्या ठोकताना बाष्पीभवन, गांधीसागर तलावाच्या काठाने फिरताना परीघ आणि व्यास. पुस्तक नंतर यायचं, आधी वस्तू हातात. नऊ-दहा वर्षांची सई कूलरचा बंद पडलेला पंप उघडून त्यातला कचरा काढायची आणि पाणी वर कसं चढतं ते मला समजावायची. माझ्या आठवीच्या पोरांना ते सांगता आलं नसतं. मला हेवा वाटायचा, खरंच वाटायचा.

करोनात सगळ्यांचीच पोरं घरी बसली आणि अविनाशभाऊ एका रात्रीत द्रष्टे ठरले. टाळेबंदी उठल्यावर दर रविवारी धरमपेठ, रामदासपेठेकडून गाड्या आमच्या गल्लीत घुसायच्या. आईबाप मंडळी सतरंजीवर बसून घरी मुलांना कसं शिकवावं ते ऐकायची. भाऊ सांगायचे, "मुलाले शिकायची भूक उपजतच असते. तुम्ही फक्त आडवे येऊ नका." मग सईला हाक मारायचे. सई यायची, दोन-तीन प्रश्नांची चुणचुणीत उत्तरं द्यायची, मंडळी माना डोलवायची. घरात आलेलं नवं यंत्र दाखवावं तसं चाललेलं असे.

सई तेरा वर्षांची झाली आणि एके दिवशी माझ्या स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "काकू, मले शाळेत जायचं आहे."

मी सांगितलं की आठवीपर्यंत वयाप्रमाणे थेट वर्गात बसता येतं, यंदा आलीस तर माझ्याच शाळेत घेऊ. हे वर्ष गेलं तर मग सरळ दहावीचा बाहेरून फॉर्म भरायचा आणि परीक्षा द्यायची.

"मले परीक्षा नाही पाहिजे, काकू. मले बेंच पाहिजे. बाजूले कोणीतरी बसलेलं पाहिजे."

तिने बापाला विचारलं. भाऊ रागावले नाहीत. ते कधीच रागावत नसत, तीच तर पंचाईत. म्हणाले, "काहून पाहिजे तुले शाळा? मले पटवून दे. पटलं तर उद्याच नाव टाकतो." पोरीने ते शब्दशः घेतलं. महिना-दीड महिना ती तयारी करत होती. गल्लीतल्या मुलींना गाठून वर्गात काय काय होतं ते विचारायची. सातवीत शाळा सुटलेल्या भाजीवाल्या ताईंपाशी जाऊन बसली. मला तर इतके प्रश्न विचारले की मी दमले. भाऊंनी दिवस नेमला तो रविवारचा. म्हणाले, सगळ्यांसमोर मांड.

मीही गेले होते. सई उभी राहिली. हातात चिठ्ठी नाही, काही नाही. तिने आधी शाळेविरुद्धचे बापाचे सगळे मुद्दे स्वतःच मांडले, बापापेक्षा नीट. मग एकेका मुद्द्याला हात घातला. म्हणाली, "घरी मले सगळं मिळते, पण चुकायची लाज एकटीलेच वाटते. वर्गात चार जणी सोबत चुकतात." आणि शेवटी म्हणाली, "घरी मी वाद घालते तो बाबांसोबत. आणि कोण जिंकलं हे पण बाबाच ठरवतात. मले अशा ठिकाणी जायचं आहे जिथे बाबा पंच नाहीत."

मला वाटलं, झालं! जिंकली पोर.

आणि भाऊंनी टाळ्या वाजवल्या. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, खोटं नव्हतं. मंडळींकडे वळून म्हणाले, "पाहिलं? शाळेत गेली असती तर अशी बोलली असती काय?" सगळी सतरंजी टाळ्या वाजवू लागली. एक गृहस्थ म्हणाले, "ठरलं! आमचीले पाचवीतून काढूनच घेतो."

सई उभीच होती. भाऊंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, "आता सांग वं, याच्यावर अजून काय शिकवणार आहे शाळा तुले?" रेखा आतून चहाचा ट्रे घेऊन येत होती, ती दारातच थांबली. नवऱ्याला तिने कधी लोकांत उलट बोललेलं मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी म्हणाली, "अहो, तिने मागितलं ते देऊन टाका ना." टाळ्यांत ते कोणाला ऐकूच गेलं नाही.

त्यानंतर सईने शिकणं बंद केलं. म्हणजे आम्हाला तसं वाटलं. भाऊ काही विचारायचे, ही म्हणायची, "मले नाही येत, बाबा." विचार कर म्हटलं की पंख्याकडे बघत बसायची. रविवारी एका बाईंनी कौतुकाने विचारलं, "सध्या काय शिकतेस बेटा?" तर म्हणाली, "काही नाही." भाऊंनी घाईघाईने एक सोपा अपूर्णांक विचारला, जो ती सहा वर्षांची असताना सोडवायची. सईने सरळ चेहऱ्याने चुकीचं उत्तर दिलं. मंडळी एकमेकांकडे बघू लागली. पुढच्या रविवारी गाड्या कमी आल्या, त्याच्या पुढच्या रविवारी त्याहून कमी.

मी ओळखलं. गणिताची बाई आहे मी, खरी चूक आणि मुद्दाम केलेली चूक मला कळते. खऱ्या चुकीला काहीतरी कारण असतं, हिच्या चुकांना कारणच नव्हतं. पण भाऊंना ते कळेना. मुलाला शिकायची भूक उपजत असते, हे त्यांचं तत्त्व. मूल आपल्याला येत असलेलं लपवून ठेवेल, याला त्या तत्त्वात जागाच नव्हती. लेक ढ झाली हे त्यांनी मान्य केलं, पण आपण सांगत आलो ते चुकलं असेल हे काही मान्य केलं नाही.

जूनमध्ये ते माझ्याकडे आले. चेहरा पार उतरलेला. सई त्यांच्या मागेच दारात उभी होती. म्हणाले, "न्या मास्तरीणबाई, तुमच्या शाळेत न्या इले. आता ही तिथल्याच लायकीची राहिली."

पोरीला हवं ते मिळालं होतं आणि तिचं तोंड एवढंसं झालं होतं. मला त्या माणसाला खांद्याला धरून गदागदा हलवावंसं वाटलं.

माझ्या वर्गात ती पहिल्या आठवड्यातच फुलली. दोन मैत्रिणी मिळाल्या, एकीशी कडाक्याचं भांडण झालं, परत गट्टी झाली. घरी मात्र ती मठ्ठच राहिली. मी म्हटलं, आता तरी बापाला सांग, नाहीतर मी सांगते. तिने माझा हात घट्ट धरला. "नका ना काकू. बाबा खूश झाले का मंग मले घरीच ठेवतात."

मी नाही सांगितलं. पुन्हा तीच वेळ आली तरी सांगणार नाही.

तीन वर्षं हे चाललं. भाऊ गुण आणि गुणपत्रिका मानत नसत, म्हणून कधी बघायलाही मागितली नाही. एकदा जरी मागितली असती! दहावीला सई शाळेत पहिली आली, तर रेखा पदराखाली पेढे लपवून माझ्याकडे घेऊन आली आणि आम्ही तिघींनी माझ्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या खाल्ले. भाऊ लेकीशी वाईट वागत नव्हते. उलट फार मऊ झाले होते. पूर्वी जेवताना तिच्याशी पेपरातल्या बातम्यांवर कडकडून वाद घालणारा माणूस आता तिला सोपे सोपे शब्द वापरून, थांबून थांबून सांगायचा, आणि लवकरच सोडून द्यायचा. सईला सगळ्यात जास्त तेच लागायचं. "बाबा माझ्यासोबत हळू बोलतात, काकू," एवढंच म्हणाली होती एकदा, आणि मग बराच वेळ रडली होती.

अकरावीत प्रवेश पक्का झाला की सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. प्रवेश झाला त्याच आठवड्यात भाऊंना हार्ट अटॅक आला. जरा बरं वाटल्यावर त्यांना वॉर्डात हलवलं, तेव्हा सई आणि मी गेलो. ती स्टुलावर बसली आणि तिने सगळं सांगितलं. चुकीची उत्तरं, शाळा, पहिला नंबर, सगळं. मध्ये थांबली नाही.

भाऊ छताकडे बघत ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे तीन वर्षं तुले सगळं समजून राहिलं होतं?"

"हो बाबा."

"मी... किती एकटा पडलो होतो वं घरात. बोलाले कोणी नव्हतं मले." त्यांनी मान तिच्याकडे वळवली. "मंग मले काहून नाही सांगितलं?"

सईने त्यांचा सलाईन लावलेला हात उचलून आपल्या मांडीवर घेतला.

"सांगितलं होतं ना, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही टाळ्या वाजवल्या."

भाऊंनी डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले.