तांबड्या रेघेच्या आतली मरळ

गळ हातात घेतला की काका त्याचं टोक डाव्या अंगठ्याच्या नखावर टेकवायचे आणि अलगद ओढायचे. टोक नखात रुतलं तर गळ पास. घसरलं, तर तो काउंटरवरून माझ्याकडे सरकवायचे आणि म्हणायचे, "बाई, हा पडदे अडकवायला ठेवा."

"चालेल हो काका, एवढं काय!" असं मी एकदा बोलून गेले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "जे चालतं, त्याला कोणी 'चालेल' म्हणत नाही. जे चालत नाही, त्यालाच म्हणतात."

माझं दुकान पेठेत आहे, वडिलांच्या वेळचं. दोऱ्या, जाळ्या, ताडपत्र्या, आणि आतल्या कपाटात मासे धरायचं सामान. पुण्यात हौसेने गळ टाकून बसणारी माणसं आहेत असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत बापडे. माझं घर त्यांच्यावर चालतं आणि रविवारी मीही त्यांच्यातच बसते.

काका सदाशिव पेठेत एकटे राहायचे. भोसरीच्या एका कारखान्यात तयार माल तपासायला होते. जन्मभर काम एकच. आलेला भाग मापाच्या कड्यात घालून बघायचा. बसला तर पुढे, नाही बसला तर भंगारात. "आणि अगदी केसभर मोठा असेल तर?" मी विचारलं होतं. "केसभर मोठा म्हणजे मोठा," म्हणाले. लग्न केलं नव्हतं. कारण विचारायची कोणाची छाती नव्हती. मुली पाहिल्या असतील आणि एकही त्या कड्यात बसली नसेल, असं आम्ही त्यांच्या माघारी म्हणायचो.

आणि तुम्हाला खरं वाटणार नाही, पण हा माणूस मासे खात नव्हता. आयुष्यात कधी चव घेतली नाही. मग धरता कशाला, असं विचारलं की उत्तर यायचं, "बुद्धिबळ खेळणारे राजा खातात का?"

त्यांनी धरलेला प्रत्येक मासा बबनरावांच्या घरी जायचा.

बबनराव वाघोलीकडचे. जमीन होती, तिथे आता उंच इमारती आहेत, आणि त्यातल्याच एका इमारतीत त्यांचा फ्लॅट. दिवसभर करायला काही उरलं नव्हतं. दुकानात माझ्याशीच बोलत उभे होते, तेव्हा काकांनी त्यांच्या हातातला गळ न विचारता घेतला आणि नखावर ओढला. "टाकून द्या," म्हणाले. बबनराव म्हणाले, "आवं, ह्याच गळावर म्या काल कटला काढला." "कटला आंधळा असेल." बबनराव एवढ्या मोठ्याने हसले की समोरचा चहावाला बघायला आला. तिथून जी जोडी जमली ती जमलीच.

दर रविवारी काका स्कूटरवरून वाघोलीला जायचे आणि तिथून दोघे पुढे तळ्यावर. दुपारी जेवण बबनरावांच्या स्वयंपाकघरात, खाली बसून. वहिनी कालवण करायच्या आणि काकांसाठी वेगळं पिठलं. काका पिठल्यालाही नावं ठेवायचे. "आज मीठ केसभर जास्त आहे, वहिनी." वहिनी म्हणायच्या, "मग भंगारात टाका." बाहेर ज्या माणसाला लोक टरकून असायचे, त्याला त्या घरात कोणी दाद देत नव्हतं, आणि तिथेच तो सुखात होता. मी पाहिलंय ते.

तळ्याचं सांगायला हवं. बबनरावांच्या गावचा जुना पाझर तलाव तो. ते लहानपणापासून तिथे कळकाच्या काठीने गळ टाकत आलेले. आमचं हौशी लोकांचं मंडळ हक्काची जागा शोधत होतं, तेव्हा बबनरावच मध्ये पडले. गावातल्या जुन्या माणसांना भेटले, समजूत घातली आणि तलाव मंडळाला रीतसर ठेक्याने मिळवून दिला. सभासदांशिवाय कोणी गळ टाकायचा नाही, अशी अट पडली. तेव्हा बबनराव हसून म्हणाले, "आता माझ्याच तळ्यावर मला वर्गणी भरून बसाया लागतंय." आम्हीही हसलो.

मंडळ वाढलं. खराडीच्या कंपन्यांतली तरुण मुलं आली, भारी काठ्या आणि त्याहून भारी कॅमेरे घेऊन. हळूहळू मासा लहान होत गेला. आधी काकांच्या लक्षात आलं. मरळी तर बोटाएवढ्या निघायला लागल्या आणि लोक त्याही पिशवीत भरायचे. काकांचा संताप व्हायचा. "पहिली अंडी घालेपर्यंत तरी तिला जगू द्या! पोरं खाताय तुम्ही, पोरं!"

मग त्यांनी नियम आणला. माणशी दोनच मासे आणि ठरलेल्या मापाखालचा मासा लगेच पाण्यात परत. नियम मोडला तर सभासदत्व रद्द. माझ्या दुकानाच्या माळ्यावर सभा झाली आणि काय ती सभा! एक म्हणाला, दोन माशांत माझ्या घरात भांडणं लागतील. दुसरा म्हणाला, पेट्रोल जाळून यायचं आणि हात हलवत परत जायचं का? तरुण मुलं काकांच्या बाजूने. त्यांना फोटो हवा होता, मासा नको होता. मागून कोणीतरी टोला हाणला, "न खाणाऱ्यांनी नियम करायचा आणि खाणाऱ्यांनी आवंढे गिळायचे!" काकांचा चेहरा पडला. हे त्यांना लागलं, कारण त्यात तथ्य होतं.

तेव्हा बबनराव उठले. सभेत बोलायची त्यांना सवय नव्हती. "साहेब म्हणत्यात ते खरं हाय," म्हणाले. "पर एक गोष्ट ऱ्हायली. मरळ गळ गिळती. पार पोटात नेती. काढाय गेलं की आतडं बाहेर येतंय. ती काय जगत न्हाय. आसली बारकी आसली तरी घरी नेऊ द्या. मेलेलं पाण्यात टाकून कुणाचं भलं हाय?"

गळ टाकणाऱ्या प्रत्येकाने हे हातांनी अनुभवलेलं असतं.

काका म्हणाले, "बबनराव, तुमचं बरोबर आहे. पण एवढं एक भोक ठेवलं ना, की पुढच्या रविवारी या तळ्यातल्या प्रत्येक मरळीने गळ गिळलेला असेल. अपवाद नाही."

खोटं नव्हतं तेही. मी आमच्या लोकांना ओळखते. नियम पास झाला आणि बबनरावांनीही हात वर केला. काकांनी प्रत्येकासाठी लाकडी पट्ट्या केल्या, घासून गुळगुळीत, आणि त्यावर एक तांबडी रेघ. पट्टीच्या टोकाला माशाचं तोंड लावायचं. शेपूट रेघेपर्यंत पोचली तर मासा तुमचा.

खरंच सांगते, नियमाचा गुण आला. मरळी मोठ्या दिसू लागल्या. काका बोलायचे नाहीत, पण ताठ चालायचे.

आणि मग तो रविवार. बबनरावांच्या गळाला मरळ लागली. गळ पार आत गेलेला. त्यांनी हळूहळू, बोलत बोलत काढायचा प्रयत्न केला. कल्ल्यांतून रक्त आलं. मरळ एकदा वळली आणि निपचित पडली. बबनरावांनी ती सगळ्यांदेखत पिशवीत ठेवली आणि हात धुतले. लपवाछपवी नव्हती त्यात.

शेजारच्या एका मुलाने मोबाइल काढला. "काका, ही अंडरसाइज वाटतेय. चेक करणार ना?"

काका पट्टी घेऊन आले. मी चार पावलांवर होते. त्यांनी मरळ पट्टीवर ठेवली, शेपूट हाताने सरळ केली, परत केली, पुन्हा एकदा केली. ताणून ती रेघेला पोचावी म्हणून चाललं होतं ते, दुसरं काही नाही. पोचेना.

"पाण्यात टाका, बबनराव."

"मेलीय ती, साहेब."

"माहितीये मला. टाका."

"आवं, कुजंल की पाण्यात. आन्न हाय ते. तुमच्या वहिनीनं वाटण करून ठिवलंय."

"बबनराव, हात जोडतो. टाका."

त्यांनी खरोखर हात जोडले. सगळे बघत होते. बबनरावांनी त्या मोबाइलवाल्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, पिशवी उचलली आणि चालत घरी निघून गेले. त्या दिवशी पिठलं कोणी खाल्लं नाही.

पुढच्या सभेत त्यांचं सभासदत्व रद्द झालं. मी हात वर केला नाही. पण काकांनी केला, आणि सगळ्यांच्या आधी केला. जिन्यात गाठून मी बोललेच, "लाज नाही वाटली? ज्याच्या घरी जेवलात त्याच्यावर हात उचललात?" ते म्हणाले, "दुसरा कोणी असता तर मी उचलला असता ना? मग?" मला चीड आली होती. मध्येच ते खाली बसले, पायरीवरच. "एकदा पाण्यात टाकली असती तर काय बिघडलं असतं हो, बाई?" म्हणाले. हे त्यांनी तीनदा विचारलं असेल.

पुढचे सगळे रविवार काका तळ्यावर यायचे, पण वाघोलीला थांबायचे नाहीत. डबा आणायचे. मी बबनरावांकडे जाऊन आले. त्यांच्या गॅलरीतून तळं दिसतं. खुर्ची त्यांनी उलटी करून ठेवली होती, भिंतीकडे तोंड करून.

हा प्रकार तिथेच संपला असता तरी मी समजू शकले असते. नियम तो नियम, म्हटलं असतं. पण पावसाळ्यानंतर आमच्या अध्यक्षांचे जावई नवे सभासद म्हणून तळ्यावर आले. बिल्डर माणूस, मंडळाला शेड बांधून देणारा. त्यांच्या गळाला मरळ लागली. रेघेच्या आतली, गळ गिळलेली. जावयांना ती घरी न्यायची होती. आणि काय चमत्कार! त्याच आठवड्यात सभा. अध्यक्ष कळवळून बोलले. मेलेला मासा पाण्यात टाकणं म्हणजे अन्नाची विटंबना, म्हणाले. गळ गिळलेला मासा लहान असला तरी नेता येईल, असा बदल मांडला. भराभर हात वर झाले. ते मोबाइलवालं पोरगंसुद्धा "मेक्स सेन्स" म्हणालं. असा संताप आला मला की बस!

काका उभे राहिले. मला वाटलं, आता फाडून खातील. पण आवाज एवढासा होता.

"बदल मागच्या वर्षीपासून लागू करा."

"म्हणजे?"

"म्हणजे बबनराव पुन्हा सभासद होतील. त्यांनी हेच सांगितलं होतं. याच माळ्यावर."

अध्यक्ष गोड हसले. "काका, नियम मागच्या तारखेने लागू होत नाही. आणि अपवाद करायचा नाही, हे तर आम्ही तुमच्याकडूनच शिकलो."

दोघे-तिघे हसले. काका उभेच होते. आपलीच पट्टी आपल्यालाच लावली गेली, हे त्यांना माझ्याआधी कळलं असणार.

त्यानंतरच्या रविवारी त्यांनाही एक मरळ लागली. लहानच, गळ गिळलेली. त्यांनी ती पिशवीत ठेवली आणि माझ्याकडे येऊन म्हणाले, "बाई, माझ्याबरोबर चला. एकट्याने लिफ्टमध्ये चढवणार नाही मला."

दार वहिनींनी उघडलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला, मग तो त्यांनी आवरला. बबनराव आतून आले. काकांनी पिशवी पुढे धरली.

"मापात हाय?"

"नाही. गळ गिळला होता."

"मंग आणली कशी?"

"आता नेता येते. नियम बदलला."

बबनराव थांबले. "म्हंजी म्या सांगितला तसा?"

"तसाच."

"आन् मंग मी? मला घेतलं का परत?"

काकांचे ओठ हलले. खोटं बोलावं, निदान आज, असं मला मनापासून वाटलं. घेऊया परत, बघूया, प्रयत्न चालू आहे, असं काहीही. माणसं बोलतातच की.

"नाही," काका म्हणाले.

बबनरावांनी मान हलवली, जणू बाजारभाव विचारला होता. पिशवीला हात लावला नाही. वहिनी नेहमीच्या सवयीने स्वयंपाकघराकडे वळून "या ना आत," म्हणत होत्या, तेवढ्यात बबनराव म्हणाले, "हितं सोप्यावर बसू दे त्यास्नी. च्या टाक गं, पाव्हण्यांना."

एवढ्या वर्षांत त्या घरात काका सोफ्यावर कधी बसले नव्हते. बसले. कडेला, टेकून नाही, पिशवी दोन पायांच्या मध्ये धरून. चहा आला, बिस्किटं आली, बशीत मांडून. बबनरावांनी तब्येतीची चौकशी केली. गावाकडचं पाऊसपाणी विचारावं तशी सदाशिव पेठेतली रहदारी विचारली. काकांनी सगळ्याची उत्तरं दिली. चहात साखर जास्त होती. ते काही बोलले नाहीत.

खाली पार्किंगमध्ये त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. "तुमच्याकडे खातात ना?" मी हो म्हटलं. त्यांनी रुमालाने हात पुसले, बोटं एकेक करून, आणि स्कूटर काढली. नंतर ते ना तळ्यावर आले, ना माझ्या दुकानात. फोन केला तर, "कामात आहे," म्हणतात. कसलं काम, कोण जाणे.

मरळ मी त्याच दिवशी शिजवली. टाकून द्यायला हात होईना. जेवायला बसले तेव्हा घरातले म्हणाले, आज कालवण फार छान झालंय, आणि झालंही होतं. मी ताट दूर सरकवलं आणि सगळ्यांवर उगाचच ओरडले.