मोठा गोल

विट्याच्या स्टँडवर ठाण्याची गाडी लागली तेव्हा आप्पा दुकानातून तसेच उठून आले होते. बोटांना वार्निश, शर्टाच्या खिशात टेस्टर. बॅग त्यांनी वर चढवली, खिडकीशी आले आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "शिकून ये. दुकान तुझंच हाय." आईनं डोळ्यांना पदर लावला. मला मात्र हसू येत होतं. इंजिनिअर होऊन परतच तर यायचं होतं, त्यात रडण्यासारखं काय, असं मला तेव्हा खरंच वाटत होतं.

दुकान म्हणजे मोटार रिवाइंडिंगचा एक गाळा. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी लोक घेऊन यायचे. आप्पा आतली काळी पडलेली तार उपसून काढायचे, नवी तांब्याची तार वेढे घालून भरायचे आणि वर वार्निश ओतायचे; गाळ्यात कायम त्याचाच उग्र वास असे. वेढे मोजताना ते कुणाशी बोलत नसत. गिऱ्हाईक दारात उभं राहायचं, आप्पांचे ओठ हलताना बघायचं आणि आपणहून गप्प बसायचं. मी एकुलती एक. मुलगा नाही म्हणून हळहळणाऱ्यांसमोर ते मुद्दाम मला हाक मारून मोटार उघडायला लावत. माझ्यापेक्षा त्या लोकांच्या तोंडाकडे त्यांचं लक्ष असे.

ठाकुर्लीला मावशीकडे राहायचं आणि कल्याणच्या कॉलेजात इलेक्ट्रिकल करायचं, असं ठरलेलं होतं. मावशीचं घर दोन खोल्यांचं, पण मला तिनं कधी पाहुणी म्हणून वागवलं नाही. काही महिन्यांत मी "गेले होते", "आले होते" सोडून इथल्यासारखं "गेलेले", "आलेले" असं बोलायला लागले. आई फोनवर चिडवायची, "मुंबईकरीण झालीस व्हय गं!" मी विट्यासारखं बोलायला जायची आणि मध्येच अडखळायची.

तिसऱ्या वर्षी कॉलेजात प्लेसमेंटची तयारी सुरू झाली. शिकवायला येणारे सर म्हणाले, प्रत्येकानं आपले शॉर्ट टर्म गोल आणि लाँग टर्म गोल ठरवून या. संध्याकाळी फोनवर मी ते आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "गोल म्हंजे गोलच ना? बारका गोल आन् मोठा गोल. बारका म्हंजे सुट्टीला येऊन जायचं. मोठा म्हंजे सगळं फिरून, शिकून परत दुकानात." दिवसभर तारेचे वेढे घालणाऱ्या माणसाला गोलाचा दुसरा अर्थ सुचणार तरी कसा? मी पोट धरून हसले, पण चूक दुरुस्त केली नाही. कारण माझ्याही मनात तेव्हा तेच होतं.

सरांसमोर मी तेच इंग्रजीत सांगितलं. आधी अनुभव, मग गावी जाऊन वडिलांचा व्यवसाय वाढवणार. सरांनी कपाळाला हात लावला. "अगं, असं बोललीस ना, तर तिथल्या तिथे रिजेक्ट! कंपनी काय धर्मशाळा आहे का? बोल, मला याच कंपनीत मोठी जबाबदारी घ्यायचीय. बोल, बोल, कॉन्फिडन्सने." वर्गासमोर मी ते वाक्य म्हटलं. पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा म्हटलं. मावशीच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना म्हणून बघितलं. तेव्हा ते नाटकातल्या भाषणासारखं वाटायचं. पडदा पडला की माझं मी माझ्या घरी, असं.

वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत मुलाखतीला मी तेच म्हटलं आणि नोकरी लागली. काम टेस्टिंगचं. मोठमोठे ट्रान्सफॉर्मर कारखान्यातून बाहेर पडण्याआधी तपासायचे. पहिल्या वर्षी मी आप्पांना सांगायची, एवढं शिकून घेते, मग येते. पुढे मला त्या कामाची चटक लागली. एखादा ट्रान्सफॉर्मर तपासणीत नापास झाला की तो का झाला हे कळेपर्यंत मला जेवण गोड लागेना. आता माझ्या हाताखाली माणसं आहेत, नवीन लॅब उभी राहतेय, तिची आखणी माझी आहे. सरांनी घोकून घेतलेलं ते वाक्य केव्हा खरं झालं, मलाही कळलं नाही. कुणी जबरदस्ती केली असती तर निदान रागावता तरी आलं असतं.

दुकान बंद पडायला आलं होतं असंही नाही. मोटारी आजही जळतात, लोक आजही आप्पांनाच शोधत येतात. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून बारीक तार त्यांना नीट दिसत नाही. याबद्दल ते माझ्याशी एका शब्दानं बोलले नाहीत. मला आईकडून कळलं.

मागच्या महिन्यात दुपारी त्यांचा फोन आला. मी कँटीनमध्ये होते. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि मग त्यांनी हळूच विचारलं, "मोबाइलवाला एकजण गाळा मागतोय. न्हाई, द्यायचाच असं न्हाई. तुझा तो मोठा गोल कुठवर आलाय, तेवढं सांग."

सांगते नंतर, असं म्हणता आलं असतं. तसं मी कितीतरी वर्षं म्हणतच आले होते. पण त्यांना ताटकळत ठेवणं आता माझ्याच्यानं होईना.

"देऊन टाका, आप्पा," मी म्हटलं.

पलीकडून आवाज नाही. वेढे मोजताना ते गप्प असायचे, तशी ती शांतता होती, आणि सवयीनं मीही मध्ये बोलले नाही.

"बरं," ते म्हणाले. मग हसल्यासारखं करून, "म्हंजे गोल न्हवताच म्हण की त्यो. सरळच गेलीस."

त्या संध्याकाळी मानपाड्याला माझ्या सोसायटीसमोर रिक्षातून उतरले तर कारखान्यांकडून उग्र वास येत होता. इथले सगळे त्या वासाला शिव्या देतात, मीही देते. त्या दिवशी मात्र त्यात थोडं वार्निश होतं, किंवा मला तसं वाटलं. सोसायटीच्या गेटमधून आत गेले असते तर तो वास तुटला असता. माझ्या घराची खिडकी समोर दिसत होती. मी तिथेच रस्त्याच्या कडेला उभी राहिले, हातात किल्ली घेऊन, आप्पांच्या दुकानात.