पाठीवरचा एकच पर

परवा प्रयोगशाळेतल्या जुन्या बरण्या रिकाम्या करताना फॉर्मॅलीनचा वास नाकात शिरला आणि कर्जतला शिकवत असतानाची संगीता आठवली. घरच्यांबरोबर ऊसतोडीला जाऊन ती दोन महिन्यांनी वर्गात आली होती. मी बरणीतला वीज सोडणारा छोटा, चपटा मासा ओळखायला सांगितला. बाकीच्यांना बरणीवरच्या चिठ्ठीतलं नाव पाठ होतं, नार्सीन. तिने मात्र मासा निरखून पाहिला.

“मॅडम, नार्सीनला पाठीवर दोन पर असत्यात ना? ह्याला एकच हाय. ह्यो नार्के.”

“समुद्र तरी पाहिलायस का कधी?” मी म्हणाले. वर्ग हसला. तिच्या जर्नलमधल्या उत्तरावर मी लाल रेघ मारली आणि पुन्हा लिहून आणायला सांगितलं.

वर्ग सुटल्यावर मी बरणी खिडकीपाशी धरली. पर एकच होता. दुसऱ्या दिवशी मी चिठ्ठी बदलली आणि चूक मलाच सापडल्यासारखं वर्गाला सांगितलं. तेव्हा ते मला प्रसंगावधान वाटलं होतं. आता त्याची लाज वाटते. माझं सांगून झाल्यावर संगीताने ‘नार्सीन’ असं नव्याने लिहिलेलं पान उघडलं आणि साधेपणाने विचारलं, “मॅडम, मग हे परत खोडू का?”

“खोड,” एवढंच मी म्हणाले आणि हजेरी घ्यायला लागले.