देवी व्हायचं म्हणून धरलेले उपास

सोनपेठला आम्हाला नाच शिकवणाऱ्या मॅडमचा राग मला अजून आहे. तो गिळायची माझी इच्छाही नाही.

नवरात्रात मंडळांपुढं आम्ही मुली देवीचा नाच करायचो. पाथरी, वालूर, बोलावतील तिथं. त्या वर्षी देवी मी होते, नुकतीच कॉलेजात गेलेली. मॅडमनी सगळ्यांसमोर माझ्या दंडाला चिमटा काढला. "ही देवी राक्षस मारायली का राक्षस खाऊन आली?" मुली हसल्या. मीही हसले, निर्लज्जासारखी.

श्रावणापासून त्यांनी मला उपास धरायला लावले. आमच्या घरी उपास म्हणजे एकादशी अन् दुप्पट खाशी. पण मॅडमनी साबुदाणासुद्धा तोडला. चहा आणि लिंबूपाणी, बस्स. घरी संशय येणार कसा? उपाशी पोरीला लोक जेवायला बसवतात, उपासवाल्या पोरीचं कौतुक करतात. शेजारणी आईला म्हणायच्या, "लेक लय भक्तीची हाय तुमची."

मग माझी पाळी थांबली. पाळी आलेल्या मुलीनं देवीचा मुकुट घालायचा नाही, हा मॅडमचाच नियम. त्यामुळं त्या खूश! "बघ, देवीनंच तुझी सोय केली." इकडं केस मुठीनं गळायचे, जिना चढताना डोळ्यांपुढं अंधारी यायची.

आईला कळलं तेव्हा तिनं आधी थोबाडीत दिली.

"कोण हाय तो?"

मी उपासांचं सांगितलं. "उपासानं पाळी जाती का कुठं? आमी काय कमी उपास केले?" म्हणाली, आणि मला परभणीला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाईंनी तपासलं. "तसलं काही नाही. पोरीच्या अंगात रक्त नाही. उपास बंद करा, नीट जेवू घाला, नाहीतर हाडंही कमजोर होतील."

आईनं पहिलंच वाक्य ऐकलं. बाहेर येऊन ती ढसाढसा रडली. अब्रू वाचली होती ना! माझ्या अंगात रक्त नाही, याचं तिला काही नव्हतं. मॅडमचा यायचा तेवढाच राग मला त्या घडीला आईचा आला.

स्टँडवर भजी तळायला लागले होते.

"आई, भूक लागलीय. भजी घे ना."

आईनं डोळे पुसले, माझ्या तोंडावरून हात फिरवला.

"नवरात्र होईस्तोवर उपास मोडू नको गं माय. देवीनं लाज राखलीय आपली."