नऊ सेकंदांची लिफ्ट

मनगटावरच्या घड्याळाच्या काचेवर उजव्या हाताच्या नखानं दोनदा टकटक करायची, मान जराशी तिरपी करायची आणि म्हणायचं, "उशिरा सुटलेली गाडी सापडते हो. वेळेआधी सुटलेली सापडत नाही." ढाणकीच्या स्टँडवर ज्यांनी कधी गाडीची वाट पाहिली आहे त्यांनी हे वाक्य ऐकलेलं आहे. तुम्ही तिथले नसाल, तरी असा एक माणूस तुमच्याही स्टँडवर असणार. तुमचं लक्ष गाडीकडे असेल, एवढंच.

ते तिथे कंट्रोलर होते. गाड्यांच्या वेळा रजिस्टरात लिहायच्या, माइकवरून पुकारा करायचा आणि ड्रायव्हरपासून पॅसेंजरपर्यंत सगळ्यांची बोलणी खायची, हे काम. एकदा उमरखेडची गाडी खच्चून भरली होती. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, भरली ना आता. चारच मिनिटं राह्यली. सोडू का?" हे जाऊन गाडीच्या पुढे उभे राहिले. "गाडी भरली. टाइम भरला का?" आतून लोक ओरडत होते, एकानं तर यांच्या खानदानाचा उद्धार केला. तिसऱ्या मिनिटाला तांड्याकडून एक बाई तापलेलं लेकरू कडेवर घेऊन धावत आली. ती चढली, वेळ झाली, मगच गाडी हलली. मी तेव्हा आतच बसलो होतो, आणि ओरडणाऱ्यांत मीही होतो, हे सांगून टाकतो.

त्याच स्टँडसमोर माझं ऑनलाइन सेंटर आहे. पीकविमा, जातीचा दाखला, शिष्यवृत्ती. लोक कागदांची पिशवी घेऊन येतात आणि सर्व्हर डाऊन आहे हे एकच वाक्य मी दिवसभर वेगवेगळ्या चेहऱ्यांना ऐकवतो. जोडीला कॉम्प्युटर दुरुस्ती. तिथेही तक्रार एकच, हळू चालते. इतक्या वर्षांत या जगाला हळू चालण्याशिवाय दुसरं दुखणंच नाही अशी माझी खात्री झाली होती. आणि एका सकाळी रिटायर झालेले कंट्रोलर साहेब काउंटरशी येऊन उभे राहिले.

"ओ ऑपरेटर, माहा कॉम्प्युटर लय पयते."

ते कुणालाच नावानं हाक मारत नसत. चहावाला 'कॅन्टीन', डॉक्टर 'मेडिकल', मी 'ऑपरेटर'.

"पळते? मंग चांगलंच हाय ना साहेब. लोक पळत नाही म्हून रडून राह्यले."

"गेम पयते. चालू केला का मी मेलो. कोणं मारलं थे बी दिसत नाही."

कॉम्प्युटर मीच दिलेला होता, म्हणून गुमान गेलो. स्टँडमागच्या गल्लीत दोन खोल्या. बायको जाऊन पाच-सहा वर्षं झालेली, एकुलती मुलगी पुण्याला नोकरीत. दोन वर्षांपूर्वी लकव्याचा झटका येऊन गेलेला, चालता-बोलता येत होतं, पण उजवा हात सांगितलेलं काम जरा थांबून करायचा. माणूस मूळचा बंजारा तांड्यावरचा. पणजोबा बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरले आणि पणतू आयुष्यभर एका जागी उभा राहून दुसऱ्यांच्या गाड्या सोडत बसला, असं ते स्वतःच हसून सांगायचे.

गेम होता जुन्या काळातला, बंदुकीचा. आपण बंदूक धरून भुयारातून चालायचं, दारं सरकतात, राक्षस येतात, त्यांना मारायचं. मुलगी शाळेत असताना घेतलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर तो आधीपासूनच होता. बाप-लेक एकाच कीबोर्डवर खेळत. चालायची बटणं तिच्याकडे, गोळीचं बटण यांच्याकडे. "थे ड्रायव्हर, मी कंडक्टर," ते म्हणाले. आणि वर पुकारा करायचे, अगदी माइकवरच्या आवाजात, "डावीकडच्या दरवाज्यातून येणारे दोन राक्षस थोड्याच वेळात लागत आहेत!" मुलगी हसून हसून खुर्चीवरून पडायची म्हणे. तो कॉम्प्युटर मेला तेव्हा मी त्यातला गेम काढून नव्यात टाकून दिला होता आणि आपण मोठं काम केलं असं समजत होतो.

त्यांनी गेम चालू केला. खरंच, डोळ्याची पापणी लवायच्या आत दार उघडलं, काहीतरी तपकिरी अंगावर आलं, पडदा लाल.

"पाह्यलं?"

पाहिलं. दुखणं तसं साधं होतं. त्या काळच्या अशा खेळांना घड्याळ ठाऊकच नसायचं. मशीन जेवढं धावेल तेवढा खेळ धावणार. तेव्हा मशीनच बैलगाडी, म्हणून सगळं सुरळीत. आताच्या मशीनला तोच खेळ जुंपला की तो उधळतो. मी आधी सेटिंगमध्ये जाऊन जुन्या पद्धतीनं चालव म्हणून सांगून पाहिलं. त्यानं ऐकलं नाही. मग ब्रेक लावणारा एक छोटा प्रोग्राम टाकला, तर राक्षस उचक्या लागल्यासारखे चालायला लागले. शेवटी जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेणारा एक प्रोग्राम टाकला. त्यात एक आकडा लिहायचा असतो. आकडा वाढवला की खेळ जोरात, कमी केला की हळू.

पण आकडा किती? मी अंदाजानं एक लिहिला आणि म्हणालो, "घ्या. असाच होता ना?"

"ऑपरेटर, असाच म्हंजे किती?"

झालं. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. ते उठले आणि कपाटातून लाल पुठ्ठ्याचं एक रजिस्टर घेऊन आले. रकाने आखलेले. ठिकाण, ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ, शेरा. पहिला दरवाजा, उघडणे ते मिटणे, चार सेकंद. डावीकडचे दोन राक्षस, सहा सेकंद. लिफ्ट, तळ ते वरचा मजला, नऊ सेकंद. या माणसानं राक्षसांचं टाइमटेबल करून ठेवलं होतं! मुलगी दहावीत असतानाच्या नोंदी. घड्याळ लावून घेतलेल्या, आणि खाली सही.

मग तीन आठवडे हाच धंदा. दुकान बंद केलं की मी त्यांच्याकडे. मी आकडा बदलायचा, त्यांनी लिफ्टमध्ये शिरायचं आणि घड्याळाकडे पाहायचं. "सात." "अकरा." "साडेआठ, पण दरवाजा लवकर मिटला." दिवसभर सर्व्हरशी डोकं फोडून आलेल्या माणसाला एखाद्या खोट्या लिफ्टच्या अर्ध्या सेकंदासाठी बसवून ठेवायचं म्हणजे अति झालं. मी एकदा चिडून म्हणालोही, "कायले एवढं साहेब? अर्ध्या सेकंदानं काय होते?"

"दिवाळीले येऊन राह्यली थे. चार दिवस," ते म्हणाले. "लग्न झाल्यापासून चार दिवस कधी आलीच नाही. तिच्यासंग खेळाचं आहे. तिचा हात त्याच टाइमावर बसलेला आहे ना." मग आपल्या उजव्या हाताकडे पाहून म्हणाले, "तवापर्यंत याले बी तयार करतो. तिनं चालवाव अन् मी नुसतं पाहत बसाव, असं नाही झालं पायजे."

त्यापुढे मी अर्ध्या सेकंदावर वाद घातला नाही. एका संध्याकाळी लिफ्ट बरोबर नऊ सेकंदांत वर गेली. त्यांनी काचेवर टकटक केली आणि प्रत्यक्ष वेळेच्या रकान्यात नऊ लिहिलं.

गेम दुरुस्त झाला, हात कुठे झाला होता? राक्षस सहाव्या सेकंदाला यायचा, यांचं बोट आठव्या सेकंदाला दाबायचं. रोज मरायचे. मी म्हणालो डाव्या हातानं दाबा, तर म्हणे, ज्याची ड्युटी त्यानंच करायची. दहा-बारा दिवस हे मरण पाहून माझ्याच्यानं राहवेना. एकदा ते पाणी आणायला उठले तेव्हा मी गुपचूप आकडा कमी केला. त्या दिवशी त्यांनी दोन राक्षस पाडले. चेहरा असा फुलला की विचारू नका. मी खुश होऊन घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी दुकानात दहा माणसं रांगेत असताना हे हजर. "ऑपरेटर, लिफ्टले बारा सेकंद काहून लागून राह्यले?"

मी समोरच्या माणसाचा फॉर्म भरायला घेतला.

"हात माहा उशिरा येते. त्याच्यासाठी तुम्ही टाइमटेबल बदलता का? बाप म्हातारा झाला म्हून गाडी हळू करून ठेवली, असं तिले वाटलं, तं मी तिच्याकडे पाहू कसा?"

रांगेतल्या लोकांना वाटलं, एसटीच्या एखाद्या गाडीची तक्रार चालू आहे. मी जाऊन आकडा होता तसा केला. ते पुन्हा रोज मरायला लागले. पण दिवाळीपर्यंत, खरं सांगतो, त्यांचं बोट साडेसहावर आलं होतं.

मुलगी लक्ष्मीपूजनाच्या सकाळी आली. चार दिवसांचे दोन झाले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मला बोलावणं आलं, "चेकिंगले या." गेलो. पोरगी गुणी होती, उगाच तिला दोष देणार नाही. आल्यापासून घर झाडून काढलं होतं, औषधांचे डबे भरून वर नावं चिकटवली होती. डोळ्यांखाली काळं, मांडीवर ऑफिसचा लॅपटॉप. तो बाजूला ठेवून ती वडिलांशेजारी बसली.

"ये याडी," ते म्हणाले. याडी म्हणजे आई, मुलीला लाडानं असंच म्हणायचे. मग घसा साफ करून पुकारा, "डावीकडच्या दरवाज्यातून येणारे दोन राक्षस..." ती हसली. दार सरकलं, राक्षस आला, आणि यांचं बोट वेळेवर पडलं. राक्षस आडवा! त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

मग लिफ्ट. ती वर जात होती आणि मी मनात मोजत होतो. चौथ्या सेकंदाला मुलीनं फोन उचलला, पाहिला, खाली ठेवला. सहाव्याला पुन्हा उचलला.

"बापू, इतका स्लो होता का हा? आपण तं किती जोरात खेळायचो!" ती म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "दादा, याचा स्पीड वाढते का?"

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. बाई, हा तुझ्याच लहानपणाचा वेग आहे, तुझ्या बापानं घड्याळ लावून जपलेला. मी तोंड उघडणार तेवढ्यात ते म्हणाले, "वाढवा, ऑपरेटर."

"साहेब, पण नऊ..."

"वाढवा म्हणलं ना. सोडा गाडी."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. मी आकडा वाढवला. मुलगी धावत सुटली, दारं फटाफट उघडू लागली, "बापू, मारा ना! बापू!" आणि हे दाबतच होते, प्रत्येक गोळी भिंतीवर. चारदा मेले. दोघंही हसत होते, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मग तिचा फोन वाजला आणि ती बोलत बोलत अंगणात गेली. यांचं बोट बटणावरच होतं.

"परत नऊवर आणू?" मी विचारलं.

"राहू द्या. पाचची गाडी आहे तिची."

उन्हाळ्यात दुसरा झटका आला आणि ते गेले. तेरवी झाल्यावर मुलगी कॉम्प्युटर आणि ते लाल रजिस्टर घेऊन दुकानात आली. म्हणाली, "दादा, तुमच्याकडेच राहू द्या. तिकडे जागा नाही." तिनं रजिस्टर उघडून पाहिलेलं दिसत नव्हतं. मला बोलायचं होतं, पण काउंटरवर लोक होते आणि तिची गाडी लागली होती.

ती गेल्यावर मी पानं चाळली. शेवटची नोंद दिवाळीतली. ठिकाण, लिफ्ट. ठरलेली वेळ, नऊ सेकंद. प्रत्यक्ष वेळ, चार सेकंद; त्या दिवशी तिची गाडी गेल्यावर एकट्यानं मोजलेली असणार. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'वेळेआधी सोडली. पॅसेंजरला घाई होती. जबाबदारी माझी.' खाली तारीख, सही आणि सहीखाली हुद्दा. अक्षर वाकडंतिकडं होतं, उजव्याच हातानं लिहिलेलं.