उन्हात वाळत घातलेल्या रेकॉर्ड

पुणतांब्याला एक चाचा होते. लग्नांत भोंगे लावण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. आता सगळं मोबाईलवर वाजतं, म्हणून ते जुन्या रेकॉर्ड काढून टाकणार, असं कळलं. मला जुन्या रेकॉर्डचा नाद. श्रीगोंद्याला मी शिकवते त्या शाळेत डोकं दुखल्याचं सांगून एसटी धरली.

चाचांच्या अंगणात पोचले तर एक गृहस्थ बाह्या सरसावून घमेल्यात रेकॉर्ड धूत होते. धुतलेल्या रेकॉर्ड बाजेवर वाळत घातलेल्या. ऊन एप्रिलचं.

"अहो, पापड घातलेत का वाळत?" मी ओरडले.

"धूळ होती," ते म्हणाले.

धूळ गेली होती. तिच्यासोबत सात रेकॉर्डचा आकारही गेला होता. हा माणूस नगरहून खास रेकॉर्ड जमवायला आला होता, आणि रेकॉर्ड उन्हात वाकतात एवढंही त्याला ठाऊक नव्हतं.

वाचलेल्यांत एक लावणी होती. ती दोघांनाही हवी. चाचा आमचं भांडण अर्धा तास आवडीनं ऐकत बसले, मग म्हणाले, "ज्याच्याकडं मशीन चालू हाय, त्यानं न्यावी. नुसती बघायला ती काय फोटू हाय व्हय?"

माझ्या मशीनची सुई मोडलेली होती. लावणी नगरला गेली आणि ती ऐकायला दर शनिवारी मीही. त्याची आई चहा द्यायची आणि दार सताड उघडं ठेवायची. तिसऱ्या शनिवारी ती म्हणाली, "गाणं साडेतीन मिनिटांचं, आणि तुम्ही बसता साडेतीन तास."

दिवाळीपर्यंत आम्ही अरे-तुरेवर आलो. त्याच्या रेकॉर्ड सालवार लावलेल्या, सरकारी दप्तरासारख्या. एकदा तो दूध आणायला गेला, तेवढ्यात मी त्या माझ्या पद्धतीनं लावल्या: रडायच्या, नाचायच्या, भांडण झाल्यावर ऐकायच्या. परत येऊन त्यानं कपाट पाहिलं, दुधाची पिशवी टेबलावर ठेवली आणि मला स्टँडवर सोडून आला.

पंधरा दिवस फोन नाही. मी रोज ठरवायचे, गेला उडत. आणि शाळेत मुलांवर उगाच खेकसायचे.

सोळाव्या दिवशी फोन आला. "लावणी सापडत नाही."

"भांडणाच्या कप्प्यात बघ."

"तिथं बघितलंच नाही. मला वाटलं, आपलं भांडण झालेलं नाही."

"मग पंधरा दिवस काय चाललं होतं?"

तो म्हणाला, "शनिवारी ये. आईसमोर बोलायचंय."

शनिवारी त्याची आई मटार सोलत होती. तो उभा राहिला, घसा खाकरला. "मी हिच्याशी लग्न करणार आहे. पण रेकॉर्ड वेगवेगळ्या कपाटांत राहतील."

मला कुणी विचारलंच नव्हतं. तरी मी म्हटलं, "दोन्ही मंजूर."

आईनं मटाराचं ताट माझ्याकडे सरकवलं. "सोल मग."